शाळेचें ग्रंथालय व त्याचा उपयोग

शाळेंत प्रत्येक विषयाला एक शिक्षक असतो, एक तास असतो व एक परीक्षा असते. ग्रंथालयाची मात्र परीक्षा होत नाहीं. आणि कदाचित् त्यामुळेंच पुष्कळ मुलें सहा सहा वर्षें शाळेंत काढूनहि ग्रंथालयाचा उपयोग कसा करावा हें न शिकतांच शाळा सोडून जातात. कांहीं जण आंत येतात, पहिल्या कपाटांतील पहिलें रंगीत पुस्तक उचलतात, चार चित्रें पाहतात आणि घंटा झाली कीं तें मेजावर तसेंच टाकून निघून जातात. कांहीं जणांस तर ग्रंथपाल म्हणजे केवळ दंड वसूल करणारे गृहस्थ वाटतात. हा गैरसमज दूर व्हावा, आणि ज्या खोलीवर आपणां सर्वांचा सारखा हक्क आहे तिचा लाभ कसा घ्यावा हें समजावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

साखळी आणि वचन

इंग्लंडांतील हेरफर्ड या गांवच्या कॅथीड्रलमध्यें एक जुना ग्रंथसंग्रह अद्याप जपून ठेविलेला आहे. तेथील पुस्तकें लोखंडी साखळ्यांनीं कपाटाच्या गजास बांधलेलीं आहेत. साखळीचें टोंक पुठ्ठ्याच्या पुढल्या कडेस अडकविलेलें असल्यामुळें पुस्तकाची पाठ आंत आणि पानांची कड बाहेर, असें आपल्या रीतीच्या अगदीं उलट तीं पुस्तकें ठेवावीं लागतात. वाचकानें पुस्तक काढावें, कपाटालाच जोडलेल्या फळीवर ठेवून वाचावें, आणि साखळी पोंचेल तेवढेंच तें हलवावें, अशी ती व्यवस्था होती. त्या काळीं एक एक ग्रंथ इतका मोलाचा असे कीं, तो कोणाच्या नुसत्या शब्दावर सोडून देण्यास कोणी धजत नसे.

आज आपल्या ग्रंथालयांत साखळी नाहीं. बारा वर्षांच्या मुलानेंहि हवें तें पुस्तक दप्तरांत घालून घरीं न्यावें, अंथरुणावर पडून वाचावें, धाकट्या बहिणीला वाचून दाखवावें, एवढी मोकळीक त्यास आहे. मग त्या साखळीची जागा कशानें घेतली? ती वाचकाच्या वचनानें घेतली. ‘अमुक तारखेस हें पुस्तक मी जसेंच्या तसें परत आणून देईन’ असें प्रत्येक वाचक पुस्तक नेतांना न बोलतां म्हणत असतो. ग्रंथालयाचे सर्व नियम या एका वचनांतून निघाले आहेत. आणि हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे ते नियम जाचक वाटत नाहींत.

ग्रंथ कोणासाठीं?

आपल्या देशांत ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ सालीं ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. त्यांचा आशय थोडक्यांत असा कीं, पुस्तक हें कपाटाची शोभा नसून वापरण्याची वस्तु आहे. प्रत्येक वाचकास त्याच्या कामाचें पुस्तक मिळालें पाहिजे. प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक भेटला पाहिजे. वाचकाचा वेळ फुकट जाऊं नये. आणि ग्रंथालय हें सदैव वाढत राहणारें असावें. त्यांचा जन्मदिवस म्हणून १२ ऑगस्ट हा दिवस आपल्या देशांत ग्रंथपालदिन म्हणून पाळला जातो.

त्याच्याहि आधीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं आपल्या राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें होतें. अक्षर शिकलेल्या मुलास पुढें वाचावयास कांहीं मिळालें नाहीं तर तें अक्षर विसरतें. महाराजांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालांस बोलावून आणिलें, गांवोगांव ग्रंथालयें उघडविलीं, आणि जेथें ग्रंथालय नाहीं तेथें पुस्तकांनीं भरलेल्या पेट्या पाठविण्याची सोय केली. महाराष्ट्रांतहि ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं व मुंबईचें १८९८ सालीं लोकांनीं स्वतः पुढाकार घेऊन स्थापिलें. तात्पर्य, जी सोय आज आपणांस वर्गापासून वीस पावलांवर मिळते, ती मिळावी म्हणून आपल्या पूर्वींच्या पुष्कळ लोकांनीं श्रम केले आहेत.

पुस्तक कोठें सांपडेल?

ग्रंथालयांतील पुस्तकें उंचीप्रमाणें किंवा रंगाप्रमाणें लावलेलीं नसतात. विषयाप्रमाणें लावलेलीं असतात. पुस्तकाच्या पाठीवर खालच्या बाजूस जो आंकडा चिकटविलेला असतो तो त्याच्या घराचा पत्ता होय. या आंकड्यांची सर्वांत प्रसिद्ध पद्धति मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन गृहस्थांनीं १८७६ सालीं अवघ्या ४४ पानांच्या पुस्तिकेंत प्रसिद्ध केली. त्यांनीं सर्व ज्ञानाचे दहा भाग कल्पिले: ००० सामान्य ग्रंथ, १०० तत्त्वज्ञान, २०० धर्म, ३०० समाजशास्त्रें, ४०० भाषा, ५०० विज्ञान, ६०० उपयुक्त कला व उद्योग, ७०० ललितकला व खेळ, ८०० वाङ्मय, आणि ९०० इतिहास व भूगोल. प्रत्येक शंभरांत पुन्हां दहा पोटभाग, त्यांत पुन्हां दहा. म्हणून ५०० विज्ञान, ५१० गणित, ५२० ज्योतिष, ५९८ पक्षी. तसेंच ९५४ भारताचा इतिहास आणि ८९१.४६ मराठी वाङ्मय.

येथें एक चूक बहुतेक मुलें करतात, ती सांगून ठेवतों. दशांशचिन्हापुढील आंकडा पूर्णांकासारखा वाचूं नये. ५९८.१२ आणि ५९८.२ या दोहोंत आधीं कोणतें? ‘बारा मोठे, दोन लहान’ असें म्हणून मुलें ५९८.२ आधीं शोधतात आणि पुस्तक जागेवर नाहीं अशी तक्रार करतात. दशांश अपूर्णांक शिकलेल्या विद्यार्थ्यानें ५९८.१२ हेंच आधीं येणार हें ओळखलें पाहिजे.

आंकडा ठाऊक नसेल तर सूचीकडे जावें. कोठें ती लहान खणांतील पत्रांची असते, कोठें आतां संगणकावर असते, रीत एकच. ग्रंथकाराचें आडनांव, पुस्तकाचें नांव अथवा विषय, या तिहींपैकीं एक ठाऊक असलें म्हणजे पुरे. आडनांव एक आणि माणसें अनेक असल्यास पुढील नांव पाहावें. ‘टिळक’ या शब्दाखालीं नारायण वामन टिळक, बाळ गंगाधर टिळक आणि ‘स्मृतिचित्रें’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक हीं तिघेंहि भेटतात. त्यांतील कोण हवें हें आपणच ठरविलें पाहिजे. कवि टोपणनांवानें लिहीत असल्यास दोन्ही नांवें पाहावीं: कृष्णाजी केशव दामले यांची कविता ‘केशवसुत’ या नांवानें, तर त्र्यंबक बापूजी ठोमरे यांची ‘बालकवि’ या नांवानें प्रसिद्ध आहे. संगणकावर शोधतांना ऱ्हस्वदीर्घाची चूक झाली तर यंत्र ‘पुस्तक नाहीं’ असें सांगून मोकळें होतें. तेव्हां तेवढ्यावर निराश न होतां ग्रंथपालांस विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं. तें त्यांचें काम आहे आणि विद्यार्थ्याचा तो हक्क आहे.

संदर्भग्रंथ

कांहीं पुस्तकें घरीं नेण्यास मिळत नाहींत, कारण तीं प्रथमपासून शेवटपर्यंत वाचण्याचीं नसून हवें तेव्हां पाहण्याचीं असतात. एकानें तीं घरीं नेलीं तर त्या दिवशीं चाळीस जणांची अडचण होते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ति १८३१, दुसरी १८५७), दाते व कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, डॉ. केतकर यांचा २३ विभागांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं १९७६ पासून निघूं लागलेला मराठी विश्वकोश हे या जातीचे ग्रंथ होत. विश्वकोश आतां महाजालावरहि वाचावयास मिळतो.

कोश उघडण्यापूर्वीं त्याच्या आरंभींचीं दोन पानें अवश्य वाचावीं. क्ष आणि ज्ञ हीं अक्षरें कांहीं कोशांत क व ज यांच्या पोटांत येतात, तर कांहींत अगदीं शेवटीं. ‘पु.’, ‘स्त्री.’, ‘न.’, ‘क्रि.’ या खुणांचा उलगडाहि तेथेंच असतो. हीं दोन पानें न वाचतां ‘शब्द कोशांत नाहीं’ असें सांगणारा विद्यार्थी कोशावर उगीच आळ घेतो.

एक उदाहरण : सुगरणीचें घरटें

आतां एक उदाहरण घेऊन ही सारी रीत चालवून पाहूं. समजा, वर्गांत ‘सुगरण पक्षी’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितलें आहे. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारीं तीं घरटीं आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. बहुतेक मुलें लगेच लिहितील कीं, सुगरणीची मादी मोठी कुशल असून ती आपल्या पिलांसाठीं घरटें विणते. नांवच सुगरण असल्यावर दुसरें कोणास काय सुचणार?

प्रथम शब्दकोश पाहावा. सुगरण म्हणजे गृहकृत्यांत व स्वयंपाकांत निपुण स्त्री, आणि त्यावरून हा पक्षी, एवढें तेथें कळतें. नंतर ८९१.४६ या कपाटाकडे जावें. तेथें बहिणाबाई चौधरी यांच्या कवितांचें पुस्तक आहे. बहिणाबाईंस लिहितां वाचतां येत नव्हतें. त्यांच्या मुखांतील गाणीं घरच्यांनीं लिहून ठेविलीं आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ सालीं तीं छापून निघालीं. सुगरणीच्या खोप्यावरील त्यांचें गाणें मराठी माणसाच्या ओठीं आहे, आणि त्यांतहि घरटें बांधते ती माताच.

आतां ५९८ या आंकड्याकडे जावें. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनीं अलिबागजवळील किहीम या गांवीं १९३० च्या सुमारास या पक्ष्यांचें महिनेच्या महिने निरीक्षण केलें. त्यांस असें दिसलें कीं, घरटें विणतो तो नर. तो तें अर्धेंमुर्धें तयार करतो. मग माद्या येऊन तें तपासतात. एखादीस तें पसंत पडलें तर नर तें पुरें करतो आणि नंतर दुसऱ्या घरट्याच्या उद्योगास लागतो. आंतील थोडें फार काम तेवढें मादी करते. म्हणजे ज्या कौशल्यावरून आपल्या भाषेनें या पक्ष्यास स्त्रीचें नांव दिलें, तें कौशल्य नराचें आहे.

मग कविता खोटी काय? मुळींच नाहीं. कवितेनें आईच्या मायेविषयीं सांगितलें, तें खरेंच आहे. विज्ञानानें पक्ष्याविषयीं सांगितलें, तेंहि खरें आहे. कोणत्या कपाटाला कोणता प्रश्न विचारावा हें समजणें, यालाच ग्रंथालयाचा उपयोग करतां येणें असें म्हणतात. ज्यानें एकच पुस्तक पाहिलें त्याचा निबंध इतरांसारखा होईल; ज्यानें तिन्ही पाहिलीं त्याच्याजवळ सांगण्यासारखें कांहीं असेल.

पुस्तक हातीं आल्यावरहि तें सारें वाचण्याची जरूरी नसते. आरंभीं अनुक्रमणिका असते, तींत प्रकरणें दिलेलीं असतात. शेवटीं सूचि असते, तींत शब्द व त्यांचीं पानें अकारविल्हे दिलेलीं असतात. एकच गोष्ट शोधावयाची असल्यास सूचीपासून आरंभ करावा. शिवाय पुस्तक कोणत्या सालीं छापलें हें नामपृष्ठाच्या मागें पाहावें. १९६० सालच्या भूगोलांत महाराष्ट्राचे जिल्हे २६ दिलेले असतील. पुढें नवे जिल्हे होत गेले आणि २०१४ सालीं पालघर जिल्हा झाल्यावर ती संख्या ३६ झाली. जुनें पुस्तक लबाड नसतें. तें आपल्या काळचें खरें सांगत असतें. साल पाहणें हें वाचकाचें काम.

देवघेवीचे नियम

प्रत्येक विद्यार्थ्यास किती पुस्तकें व किती दिवसांसाठीं मिळतात हें ग्रंथपालांच्या मेजाजवळील फलकावर लिहिलेलें असतें, तें वाचावें. जेथें संगणकानें नोंद होत नाहीं तेथें बहुधा तिकिटांची पद्धत असते. ती अमेरिकेंतील ग्रंथपाल नीना ब्राउन यांनीं १९ व्या शतकाच्या अखेरीस सुरू केली. पुस्तकाच्या पुठ्ठ्यास आंतून एक कागदी खिसा असून त्यांत त्या पुस्तकाचें नांव व क्रमांक असलेलें एक पत्र असतें. विद्यार्थ्याजवळ त्याच्या नांवाचें तिकीट असतें, तेंहि लहान खिशासारखेंच. पुस्तक नेतांना पुस्तकाचें पत्र आपल्या तिकिटांत घालतात, परतीची तारीख पुस्तकांतील पट्टीवर उमटवितात, आणि तें तिकीट त्या तारखेमागें पेटींत लावून ठेवतात. पुस्तक परत आलें म्हणजे पत्र पुस्तकांत व तिकीट आपल्या हातांत. म्हणून पुस्तक परत केल्यावर तिकीट घेतल्याखेरीज मेजापासून हलूं नये; आणि आपलें तिकीट मित्रास देऊं नये, कारण त्यानें हरवलेलें पुस्तक आपल्याच नांवावर राहतें.

वाचन पुरें झालें नसेल तर तारीख उलटण्यापूर्वीं जाऊन मुदत वाढवून मागावी. दुसऱ्या कोणी तें पुस्तक मागितलें नसेल तर ती बहुधा मिळते. हवें तें पुस्तक बाहेर गेलेलें असल्यास मागणी नोंदवून ठेवावी. दंडाचे चार पैसे ही पुस्तक ठेवून घेण्याची किंमत आहे अशी समजूत मात्र कोणी करून घेऊं नये. या बाबतींत माझीच एक गोष्ट सांगतों.

मी शाळेंत असतांना ग्रंथालयांत भूमितीच्या उदाहरणांचें एक उत्तम पुस्तक होतें, आणि त्याची प्रत एकच होती. तें मी दिवाळीपूर्वीं घरीं नेलें, दोन दिवस चाळलें आणि माझ्या पेटींत कपड्यांखालीं ठेवून विसरलों. सुट्टी संपली, आणखी तीन आठवडे गेले. शेवटीं आईनें पेटी आवरतांना तें बाहेर काढलें. दंड भरून मी तें परत केलें आणि माझें काम संपलें असें समजलों. त्याच वेळीं मेजावर मागणीची वही उघडी होती. तींत त्या पुस्तकापुढें माझ्या एका वर्गबंधूचें नांव तीन वेळां, तीन निरनिराळ्या तारखांस लिहिलेलें मीं पाहिलें. तो शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसला होता आणि तें पुस्तक विकत घेण्याची त्याच्या घरची स्थिति नव्हती. परीक्षा आदल्याच आठवड्यांत होऊन गेली होती. त्यास शिष्यवृत्ति मिळाली नाहीं. ती त्या पुस्तकावांचून गेली असें मी म्हणूं शकत नाहीं. परंतु तसें नव्हतें असेंहि मला आजवर म्हणतां आलेलें नाहीं. पुस्तक कोणाजवळ होतें हें त्यास कधींच कळलें नाहीं, आणि मीहि तें त्यास सांगण्याचें धैर्य केलें नाहीं. मीं दंड भरला तो ग्रंथालयास. ज्याचें नुकसान झालें त्यास मीं कांहींच दिलें नाहीं.

पुस्तकाची निगा

थुंकी लावून पान उलटूं नये. खुणेसाठीं कोपरा दुमडूं नये, कागदाची पट्टी ठेवावी. शाईनें व पेन्सिलीनें खुणा करूं नयेत. चित्र कापून घेणें ही तर उघड चोरीच होय, कारण त्या पानाच्या पाठीमागील मजकूरहि त्याबरोबर जातो. पावसाळ्यांत पुस्तक भिजलें तर तें उन्हांत किंवा चुलीपाशीं धरूं नये. पानांत कोरे कागद घालून सावलींत वाऱ्यावर वाळवावें. पान फाटल्यास घरीं चिकटवूं नये, तसेंच आणून ग्रंथपालांस दाखवावें. हरवलें तर लपवूं नये; लवकर सांगितल्यास बहुधा कांहीं तरी उपाय निघतो.

पालकांस विनंति

आपल्या मुलानें आणलेलें पुस्तक एकदां हातीं घेऊन पाहावें आणि परतीची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेंत लिहून ठेवावी. घरांत त्यास एक ठराविक जागा द्यावी. भिंतीच्या ओलीपासून, वाळवी व कसर यांपासून आणि धाकट्या भावंडांपासून तें दूर असावें. ‘अभ्यास सोडून गोष्टीचीं पुस्तकें कसलीं वाचतोस?’ असें म्हणण्याची घाई करूं नये. गोष्टीच्या कपाटांतून आरंभ केलेलें मूलच पुढें ५०० च्या व ९०० च्या कपाटांपर्यंत आपल्या पायांनीं जातें. ज्यांस स्वतः वाचतां येत नसेल त्यांनीं मुलाकडून रोज एक पान वाचवून घ्यावें. त्यांत दोघांचाहि लाभ आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या हातांतील पुस्तक आपल्या आधीं कोणी तरी वेळेवर परत केलें म्हणून आपणांस मिळालें. त्याचें नांव आपणांस ठाऊक नाहीं, आणि आपल्या नंतर तें कोण नेणार हेंहि आपणांस ठाऊक नाहीं. तरी या दोघांच्या मध्यें आपण उभे आहों, एवढें स्मरणांत ठेवावें. हा अंक वाचून झाल्यावर, सुट्टी लागण्यापूर्वीं, आपली पेटी, आपलें दप्तर व घरांतील फडताळ एकदां उघडून पाहा. कपड्यांखालीं एखादें पुस्तक निघालें तर उद्यां सकाळीं तें घेऊन या. मागणीच्या वहींत कोणाचें तरी नांव लिहिलेलें असेल.